आधी न्हाणीघर

साउथ डकोटा,
४ ऑक्टोबर २०२४

ती. धनंजयदादास,
सा. न. वि. वि.

अण्णांना जाऊन आज नववा दिवस. फोनवर आपण हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहून मेल करतेय. महिनाभर तुझ्याकडे राहायला आलेला आपला बाप दुबईतच गेला, असं रोज मनात म्हणून पाहते. काहीच होत नाही.

कामावर जाते. फिनलंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी या ओसाड माळावर बांधलेली जुनी शेतवाडी लोकांना दाखवायची, हे माझं काम तुला ठाऊकच आहे. त्यांनी घराआधी न्हाणीघर बांधलं, सौना. पहिला हिवाळा सगळे त्यातच राहिले. बाळंतपणं तिथेच, आणि कुणी गेलं की घरचीच माणसं शेवटची आंघोळ तिथेच घालत. दिवसातून चारदा हे पोपटासारखं सांगते. काल शेवटच्या आंघोळीपाशी वाक्य अर्धंच राहिलं. पाहुणे फोटो काढत राहिले.

दादा, अण्णांना आंघोळ तूच घातलीस ना? माझा पासपोर्ट नूतनीकरणात अडकला आणि येता आलं नाही, तेव्हा एवढंच मनाशी धरलं होतं. नुसतं हो लिहिलंस तरी पुरे.

धाकटीवर माया असू दे.
प्रज्ञा


रास अल खोर, दुबई,
६ ऑक्टोबर

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

जेवतोय, वर्कशॉपला जातोय. मॅनेजर म्हणाला, जो हुआ खलास, चार दिवस सुट्टी घे. घेतली नाही. खोलीत बसून करू काय?

विचारलंस म्हणून खरं लिहितो. आंघोळ मी नाही घातली. शवागारातल्या आंघोळीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. अण्णांना असं उघड्यावर कसं ठेवायचं, म्हणून खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बिजागऱ्या आवळत बसलो. सुतारकामाची खोड. एक आवळली, दुसरी आवळली, मग पहिली सैल करून पुन्हा आवळली. आत पाणी पडत होतं. आंघोळ शौकतने घातली, माझा कामावरचा जोडीदार, गुहागरचा. पाणी कोमट आहे काका, आता पाठ धुतो, असं तो त्यांना सांगत होता. मी आत गेलो तेव्हा केससुद्धा विंचरून झाले होते.

दार आता झकास लागतं. मला मात्र रडू नाही की काही नाही. इथल्या स्मशानातून अस्थी अजून आणल्या नाहीत. रोज उद्यावर ढकलतो.

शिव्या दे, पण लिहिणं सोडू नकोस.
दादा


साउथ डकोटा,
८ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन सौनात जाऊन बसले. राग आला, पण तोही दमलेलाच. आम्ही पाहुण्यांना 'घरचीच माणसं' म्हणून सांगतो. त्यातलं आत कोण होतं आणि बाहेर सरपण फोडत कोण राहिलं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

पासपोर्ट आला. शनिवारी पोचते. विमानतळावरून आधी मला शौकतभाईंकडे ने. अण्णा शेवटी कसे दिसत होते, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. अस्थी आणायला मग तिघं जाऊ. तुझ्याकडे सरळ बघणं मला जमेल की नाही, आज सांगता येत नाही. पण येतेय.

लोभ आटला असेल तर मिळून शोधू.
तुझी,
प्रज्ञा