बंद करायचं बटण

ता. ३ जून

चि. संगणकाचार्य यास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं आणि तुझी आई दोघांनाही झापते, म्हणून लिहितो. बाइंडिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तू विंडोज काढून लिनक्स बसवून गेलास. सगळं मुक्त आहे म्हणालास. इतकं मुक्त की बंद करायचं बटणच नाही! ग्नोम की काय त्या डेस्कटॉपचं नाव; वर एक काळी पट्टी, बाकी मैदान. रोज वायर उपटून बंद करतो.

काम बरं चाललंय. कागद कापताना मशीनचं पातं उजव्या अंगठ्याला चाटून गेलं, पट्टी बांधलीय.

लोभ आहे, वाढवायचा की नाही ते बटण सापडल्यावर बघू.

तुझा बाप

ता. ११ जून

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

बटण वर उजव्या कोपऱ्यात आहे. लाखो लोकांना ते दिसतं. आयुष्यभर पुस्तकांचे कोपरे जुळवणाऱ्या माणसालाच तो कोपरा सापडू नये, हे आमचं भाग्य. असो. काल इथूनच तुमच्या कॉम्प्युटरवर ग्नोमऐवजी केडीई नावाचं दुसरं डेस्कटॉप चढवलं. त्यात हवं ते हवं तिथे लावता येतं. बटण त्याच कोपऱ्यात ठेवलंय, खाली उजवीकडे घड्याळही आहे. आता वायरीला जीवदान द्या.

अंगठ्याला जपा.

जमेल तितका आज्ञाधारक

ता. २० जून

चि. आज्ञाधारक यास आशीर्वाद, जमतील तितके.

कोपरा बघितला. रिकामा आहे. तुझ्या केडीईत सतराशे साठ सेटिंगं, पण घड्याळ नाही, आणि उघडलेली खिडकी मिटायला फुलीसुद्धा नाही. खिडक्यांवर खिडक्या साचल्यात. तुझी आई म्हणते, मलाच दिसत नाही. ती स्वतः चहाचा कप नेमका माझ्या उजव्या कोपराशी ठेवते आणि सांडला की मला बोलते.

तुझा बाप

ता. २८ जून

ती. बाबांस सा. न.

हात टेकले. वैतागून घड्याळ, फुली, बटण, सगळं डावीकडे आणून ठेवलंय. आता काही नाही म्हणालात तर पाटी-पेन्सिल पाठवतो.

हरलेला

ता. ६ जुलै

चि. हरलेल्यास भरघोस आशीर्वाद.

शाब्बास! शेवटी अक्कल आली. घड्याळ आहे, फुली आहे, बटण आहे. काल पहिल्यांदा कॉम्प्युटर माणसासारखा बंद केला. डेस्कटॉप असा असतो, हे तुझ्या त्या मुक्त मंडळींना कळव. तुझ्या आईला दाखवलं, ती मात्र हसली नाही.

तुझा विजयी बाप

ता. ९ जुलै

बाबा,

डोळे तपासा म्हणालो, तर काल फोन आपटलात, म्हणून लिहितोय. आई वाचून दाखवेल. तुमची पत्रं पुन्हा काढून वाचली. जे जे नाही म्हणालात, ते ते उजवीकडे होतं. कप उजवीकडे, अंगठा उजवा. डेस्कटॉपमध्ये खोट नव्हती, आणि मी टोमणे मारत बसलो. मला भीती वाटतेय. लगेच तपासून घ्या, आणि तोवर त्या मशीनला हात लावू नका. हवं तर माझ्याशी बोलू नका, पण एवढं ऐका.

तुमचा

ता. १९ जुलै

चि. लेकरास आशीर्वाद.

डोळे ठणठणीत निघाले. तुझा नक्षा उतरावा म्हणून हे आधी सांगतो. बिघाड मेंदूत आहे. रक्ताची बारीकशी गुठळी कधीतरी येऊन गेली आणि जाताना उजवीकडचं दिसणं घेऊन गेली. ते बहुधा परत यायचं नाही. पुढची गुठळी गोळ्यांनी अडवू, म्हणाले डॉक्टर. अशा माणसाला आपल्याला दिसत नाही हेच कळत नाही, असंही म्हणाले. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मुलाने चिडून घड्याळ सरकवलं, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं, डोक्यावर जास्तच परिणाम झालाय.

कापायच्या मशीनला मीच कुलूप घातलं. रडू आलं, हे कोणाला सांगू नकोस. किल्ली आता तुझ्या आईकडे आहे आणि ती सरकारी खजिना सांभाळल्यासारखी मिरवतेय. मी शिवण आणि पुठ्ठे तेवढे करतो. ग्नोमवाल्यांची माफी कुठल्या पत्त्यावर मागायची, तेही कळव.

रविवारी येतोयस ना, आलास की माझ्या डाव्या हाताला बस. उजवीकडे बसलास, तर आलाच नाहीस म्हणून चिडेन.

तुझा बाप