सात नंबर अद्याप पुलावर असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अभियंता (प्रक्षेपण व अडथळा निवारण),
दूरसंचार कार्यालय, दुसरा मजला,
बंद लिफ्टसमोरील खोली.

विषय: टॅक्सी कंपनीचा भ्रमण-रेडिओ प्रक्षेपक पूर्वीच्याच गच्चीवर, परंतु दुसऱ्या टोकाला, विनाविलंब बसवण्याबाबत.

संदर्भ: १) प्रक्षेपक सरकवण्याबाबत अर्जदाराचे अर्ज.
२) आपले "भ्रमण" पत्र.
३) अर्ज मागे घेण्याबाबतचा अर्ज, जो आपल्या कार्यालयाने शिक्का मारून घेतला आणि वाचला नाही.

महोदय,

१. अर्जदार ही चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करते आणि वडील व आत्या यांच्यासह तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या हिवाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यात उजवा हात गेला आणि वाचा गेली. ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याला एक वाक्य पुरे करू दिले नाही, तो पाणी मागायलाही नुसता ओठ जुळवत बसे. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला, "रोज संध्याकाळी बातम्या लावा. निवेदिका सावकाश बोलते, तिच्यामागून म्हणू द्या." त्यामुळे टीव्ही हा या घरात करमणुकीचा नव्हे, औषधाचा भाग आहे. आपल्या निरीक्षकांनी अहवालात "कौटुंबिक मनोरंजनात व्यत्यय" असे लिहिले आहे, ते त्यांनी स्वतःच्या घरापुरते ठेवावे.

२. याच सुमारास शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर टॅक्सी कंपनीने आपल्या परवानगीने प्रक्षेपकाचा खांब उभा केला. तो टीव्ही मनोरा आणि अर्जदाराची अँटेना यांच्या नेमका मध्ये आला. आधी चित्रावर मुंग्या आल्या. मग निवेदिका तोंड हलवू लागली आणि तिच्या तोंडून एक घोगरी बाई बोलू लागली, "सात, कुठे मेलास? ओव्हर." टॅक्सीवाल्यांची उत्तरे ऐकू येत नसत, फक्त कंपनीत बसून नंबराने गाड्या हाकणाऱ्या या बाईंचे प्रश्न येत. आत्याने त्यांचे नाव खरखरबाई ठेवले. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने मागचे झाकण न उघडताच सांगितले, "ताई, डबा ठणठणीत आहे. तो खांब तुमच्या नाकासमोर आलाय. गच्चीच्या त्या टोकाला सरकवला तरी भागेल." अर्जदाराने आपल्याकडे मागितले ते एवढेच. गच्चीचे एक टोक सोडून दुसरे टोक, म्हणजे पाण्याच्या टाकीला वळसा घालण्याइतके अंतर.

३. यावर आपण पाठवलेले उत्तर अर्जदाराने दुकानात मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा गिऱ्हाइकांनी ते परत वाचायला लावले. आपण लिहिता: "सदर प्रक्षेपक हा भ्रमण या वर्गात मोडत असल्याने तो कोणत्याही एका जागी स्थित आहे असे म्हणता येत नाही. सबब त्याचे स्थलांतर करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तो यथावकाश स्वतःहून पुढे जाईल." महोदय, भ्रमण टॅक्सी करते. खांब करत नाही. खांबाचा पाया सिमेंटचा आहे, त्याला चारी बाजूंनी तारांचे ताण आहेत, आणि त्यावर कावळ्याने घरटे बांधले आहे. कावळ्याला जे कळले ते अभियंत्याला कळू नये, याचे अर्जदारास वाईट वाटले नाही, चीड आली आणि ती अजून आहे.

४. त्यानंतर आपले निरीक्षक आले. त्यांनी आमचीच अँटेना फिरवली, एक कौल फोडले, आत्याला चहा मागितला आणि "खालून तर चित्र बरं दिसतंय" असे रस्त्यावरून ओरडून ते निघून गेले. रस्त्यावरून आमचा टीव्ही दिसत नाही. यास उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

५. आता मुद्द्याचे. एके संध्याकाळी वडिलांच्या तोंडून झटक्यानंतरचा पहिला शब्द निघाला. तो शब्द "ओव्हर" हा होता. आत्या रडली. अर्जदार संतापली, कारण इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर बापाने टॅक्सीवाल्यांची भाषा उचलली होती. पुढे "बोल सात" आले. मग एक दिवस खरखरबाईंनी विचारले, "सात, कुठे आहेस?" आणि त्या उत्तरासाठी थांबल्या असता वडील खुर्चीत सरसावून बसले व म्हणाले, "पुलावर." हा शब्द टीव्हीतून आला नव्हता. कोणी म्हणून दाखवलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. वाचोपचार करणाऱ्या बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मागून म्हणणं वेगळं आणि उत्तर देणं वेगळं. हे उत्तर आहे. काहीही करा, हे थांबवू नका."

तेव्हापासून सात नंबर म्हणजे वडील. बाई विचारत आणि वडील सांगत: पुलावर. पंक्चर. येतो. कधी बाई खऱ्या सात नंबरवर भडकत, "किती वेळ लावतोस!" आणि वडील मान खाली घालत. या घराने त्यांना कधी कोणापुढे मान खाली घालताना पाहिले नव्हते. पाळी संपताना त्या म्हणत, "सगळे पोचले. बंद करते." त्यानंतरच वडील ताटावर बसत.

६. वाचोपचाराच्या बाईंनी हे सांगितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्जदार दुकानातून अर्धी रजा काढून आपल्या कार्यालयात आली आणि आधीचे सर्व अर्ज मागे घेण्याचा अर्ज दिला. खिडकीतील लिपिक म्हणाले, "मॅडम, आधीचा अर्ज निकाली निघाल्याशिवाय तो मागे घेता येत नाही." अर्जदाराने विचारले की, निकाली निघाल्यावर मागे काय घ्यायचे? ते म्हणाले, "तो प्रश्न तेव्हा उद्भवेल." आपल्या कार्यालयात प्रश्न उद्भवण्यासाठी मुहूर्त लागतो असे दिसते.

७. आणि मग आपण जागे झालात. इतके दिवस जो खांब जागेवरच नव्हता, तो आपली माणसे ऐन बातम्यांच्या वेळी येऊन उचकटून घेऊन गेली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, थेट टेकडीपलीकडे. बाई विचारत होत्या, "सात, कुठे आहेस? सात, बो..." आणि तेवढ्यात चित्र स्वच्छ झाले. मुंग्या गेल्या. निवेदिका स्वतःच्या आवाजात हवामान सांगू लागली. वडिलांचे तोंड उत्तरासाठी उघडलेले होते, ते तसेच राहिले.

८. त्या दिवसापासून वडील संध्याकाळचे जेवत नाहीत. सगळे पोचल्याचे कोणी कळवलेले नाही. निवेदिकेकडे ते पाहतही नाहीत. बातम्या सुरू झाल्या की "पुलावर" म्हणतात, थांबतात, पुन्हा म्हणतात. इतर शब्द एकेक करून गेले. अर्जदाराने टीव्हीमागे बसून, घसा बसवून, "सात, कुठे आहेस?" असे विचारून पाहिले. वडील म्हणाले, "लाइन सोड." मुलीचा आवाज ओळखण्याइतके ते शाबूत आहेत, याचा आनंद मानावा की कपाळ बडवावे हे अर्जदारास समजले नाही. टॅक्सी कंपनीने सांगितले की, आता त्या भागाकडे लहर पोचत नाही आणि याबाबत आपल्याशी बोलावे. बोलत आहे.

९. सबब मागणी अशी की, सदर खांब, मूळ अर्जात मागितला होता तसाच, जुन्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसवावा. तेथून चित्र बिघडले नाही तर अँटेना आम्ही स्वतः वळवून बिघडवू, ती विद्या आपल्या निरीक्षकांनी शिकवलेली आहे. ते होईपर्यंत त्या बाईंना आमच्या घरी पाठवावे. त्यांनी टीव्हीमागे बसून एकदा विचारावे की, सात नंबर कोठे आहे. आणि उत्तर मिळाल्यावर, तो पोचला, असे सांगावे. हे दोन्ही जमणार नसेल तर आपण स्वतः रोज बातम्यांच्या वेळी हजर राहावे. आपला आवाजही पुरेसा घोगरा आहे, अर्जदाराने तो बंद दाराआडून अनेकदा ऐकला आहे.

प्रश्न विचारणारा माणूस कोणी का असेना. उत्तर देणारा माणूस खुर्चीत तयार बसलेला आहे, आणि तो किती दिवस बसेल हे डॉक्टरही सांगत नाहीत.

आपली नम्र (रीत म्हणून लिहिले आहे, अर्थ घेऊ नये),

सही
अर्जदार, सात नंबरची मुलगी

दिनांक: आपला शिक्का पडेल तो.

सोबत: १) "भ्रमण" पत्राची प्रत, आपण ती विसरला असाल म्हणून.
२) फुटलेल्या कौलाचा तुकडा.
३) वडिलांनी स्वतः डाव्या हाताने लिहिलेले निवेदन. त्यात एकच शब्द आहे. कोणत्या पुलावर, अशी विचारणा करणारे पत्र कृपया पाठवू नये. विचारायचे असेल तर येऊन, मोठ्याने, त्यांनाच विचारावे.