चार वर्षांची पाहुणी

१२ जानेवारी, सोमवार
नेमा चिडलीय. माझी रूममेट. टांझानियाहून माणगावला इंजिनिअर व्हायला आलेली, एरवी माझं घोरणंसुद्धा निमूट सोसणारी! गॅदरिंगच्या कमिटीत काम मागायला गेली, तर सर म्हणाले, "तू आमची पाहुणी. तू मस्त आफ्रिकन डान्स कर."
मला म्हणते, "क्रांती, मला नाचता येत नाही. वायरिंग येतं. आणि पाहुणी किती दिवस? चार वर्षं?"
मी हसले. तिला आवडलं नाही.

१४ जानेवारी
दुकानदार अल्पेशने तिच्याबरोबर सेल्फी काढला. तिसरा. साबण मात्र आधी मला दिला. "फोटोत मी पहिली, रांगेत शेवटची," नेमा म्हणाली. कॉलेज सोडून घरी जाईन म्हणते.
खरंच गेली तर?

१७ जानेवारी, बोर्ली
तिला आमच्या घरी आणलंय. आईने खुर्ची पुसून दिली. मला कधीच न मिळणारी कपबशी काढली. झालं — इथेही पाहुणी!

१८ जानेवारी
सकाळी आई नारळ खवत होती. नेमा मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, आमच्याकडे अशीच खवणी असते, तिला आम्ही 'बकरी' म्हणतो. आई उठली, नेमा बसली. माझ्या दुप्पट वेगाने खवला. (माझा वेग सांगण्यासारखा नाही.) पण शेवटी करवंटीचं काळं खोबऱ्यात आलं आणि आई खेकसली, "अगं बये, काळं कशाला खरवडतीस? कुणी शिकवलं न्हाय व्हय?"
मी गार! नेमा मात्र हसत सुटली.
परतीच्या एसटीत म्हणाली, "सहा महिन्यांत मला इथे पहिल्यांदाच कुणी रागावलं."

२० जानेवारी
ती पुन्हा सरांकडे गेली. मीही गेले — नुसती उभी राहायला. नेमा म्हणाली, "सर, मी नाचणार नाही. काम द्या. चुकलं तर रागवा."
 सरांनी स्टेजच्या लाइटचं काम दिलं, आमच्या वर्गातल्या गणराजच्या हाताखाली. तो बाहेर येऊन मलाच विचारतो, "हिला जमेल?" ती शेजारी उभी!

६ फेब्रुवारी
गॅदरिंग. नाटक रंगात असताना स्टेजवर अंधार. नेमा शिडीवर, गणराज खाली शिडी धरून. पाच मिनिटांत उजेड. आता तो तिला 'नेमाताई' म्हणतो आणि ती त्याला कामं सांगते. मलाही सांगते. फार चढलीय.

१६ फेब्रुवारी
उठले तर नेमाचा पलंग रिकामा. फोन बंद. हॉस्टेलभर शोधलं. दहाला आईचा फोन — "पोरगी हितं हाय. पहिल्या एसटीनं आली. तिची आई गेली गं, काल. तू कालेज कर. आमचं आमी बघतो."