समोर कोणीच नव्हतं

प्रिय ताई,

पत्ते सोडले असं तुला सांगितलं, ते खरं आहे. बारा वर्षं पोकरवर घर चालवलं, आता शेअर बाजार शिकतोय. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसतो. बायकोला वाटतं, माणूस मार्गी लागला.

गेल्या आठवड्यात एक शेअर पडायला लागला. विकायचं सोडून मी आणखी घेतले. पुन्हा पडला, पुन्हा घेतले. तू मला मख्ख्या म्हणायचीस ना, अगदी तसा चेहरा ठेवून बसलो होतो. पोकरमध्ये असंच करायचो. हातात काही नसलं तरी पैसे वाढवत न्यायचे, समोरचा घाबरून पत्ते टाकतो. दुपारी लक्षात आलं, इथे घाबरायला समोर कोणी नाहीच. लेकीच्या कॉलेजचे पैसे होते गं ते.

काल व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "बरा आहेस ना रे?" मी म्हणालो, "एकदम मजेत!" तुला लगेच पटलं. तोच चेहरा होता, ताई. तू तरी ओळखायचं होतंस.

हे पत्र पाठवायची माझ्यात हिंमत नाही. पण उद्या पुन्हा फोन कर, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघ.

तुझाच,
मख्ख्या