गाळलेले अकरा सेकंद

अमरावती, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रागिणी,

दिवाळीत तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. कामात होते असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. तुझ्याशी बोलायची भीती वाटत होती. माफ कर.

तुला ठाऊक आहे, ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींना मी आवाज देते. सप्टेंबरात एका बँकेचं काम आलं. घर तारण ठेवायचं, बँक रक्कम मंजूर करणार, त्यातून लागेल तेव्हा लागेल तेवढे पैसे काढायचे, व्याज तेवढ्यावरच. दर साडेआठ टक्के. सोबत बँकेने नियमांचा कागदही दिला होता: सवलतीचा दर सांगाल तर तो किती महिन्यांचा आणि नंतरचा किती, हे तितक्याच ठळकपणे सांगा, पैसे थकले तर घर जाऊ शकतं, हेही सांगा. मंजूर मजकुरात ते सगळं होतं. पण जाहिरात हवी होती तीस सेकंदांची, आणि माझी भरली एकेचाळीस. पुढचा माणूस स्टुडिओच्या दाराशी ताटकळला होता. मी शेवटची दोन वाक्यं, नंतरच्या दराचं आणि घर जाण्याचं, गाळली. ऑटो पुढे गेल्यावर तेवढं कोण ऐकतं, अशी स्वतःची समजूत घातली. डायरीत फक्त ‘बँकेचं काम संपलं’ एवढंच लिहिलं. बारीकसारीक चुका नोंदवणारी मी, हीच कशी विसरले? विसरले नव्हते.

ती जाहिरात अकोल्याच्या फुलबाजारातून फिरली. तुझ्या आईने, आमच्या माणिककाकूंनी, माझा आवाज ओळखला. फुलं टिकवायला मोठा फ्रीज घ्यायचा म्हणून त्या घराचे कागद घेऊन थेट बँकेत गेल्या. हे त्यांनीच मला दिवाळीआधी फोनवर सांगितलं.

पण सहीसाठी पेन हातात घेतल्यावर त्यांनी विचारलं, “हा सकायचा भाव झाला. सांजचा काय?” सकाळी घेतलेला झेंडू उरला तर व्यापारी संध्याकाळी परत कितीने घेणार, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी टोपली उचललेली नाही. सहा महिन्यांनी साडेतेरा, असं उत्तर मिळालं. पेन खाली. मला म्हणाल्या, “तुया आवाजाले घर देऊन राहिली होती मी, शाहीन. अर्धंच बोलाचं असंन तं भोंगा कायले लावता वं?” मला रडू फुटलं, तर म्हणे, “आता रडू नको. फ्रीज मी भिशीतून घीन.”

दुसऱ्याच दिवशी मी बँकेत जाऊन चूक कबूल केली. ऑटो थांबवले. परवा तिथून कळलं, जाहिरात ऐकून आलेल्या कुणाचीच सही झालेली नव्हती. सगळ्यांना पुरती माहिती दिली गेली. तीन आठवड्यांनी काल दुपारी मी पोटभर जेवले आणि चक्क झोपले.

काकूंनी बजावलं होतं, “तुया चुकीचं रागिणीले काई सांगू नको.” पण त्यांच्याच बोलण्यातून समजलं की तू शेखरशी बोलणं टाकलंयस. बँकेत नोकरीला असून चुलतभावाने आईला फसवायला पाहिलं, असं तुला वाटतं. अगं, काकूंनी विचारल्यावर नंतरच्या दरावर बोट ठेवून वाचून दाखवणारा शेखरच होता. गाळलं ते मी. त्याला फोन कर. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

तुझीच,
शाहीन

ता. क. आज डायरीत लिहिलंय, ‘उद्या: नवं रेकॉर्डिंग ऑटोवर चढण्याआधी शेखरला ऐकवणे.’