मासळीच्या गाडीला वाट

अण्णा,

परवा सकाळी उरणकडे जाताना माझी मोटार धडकली. खरे म्हणजे मागून येणारी लॉरी माझ्या मोटारीला धडकली. हा फरक मी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला दोनदा समजावून सांगितला, तरी त्याने शेवटी 'दोन वाहनांची टक्कर' असेच लिहिले. म्हैस आडवी आली म्हणून मी एकाएकी थांबलो. त्याला मी तेच सांगितले. घरीही तेच सांगितले. मला काही झालेले नाही. मोटारीची मागची बाजू आत गेली आहे, डिकीचे झाकण मिटत नाही आणि मागचे डावे चाक मडगार्डला घासते. ती पनवेलच्या एका गॅरेजमध्ये उभी आहे. तिथला मिस्त्री बोलायला गोड आहे, पण हत्यारे जमिनीवर पसरून काम करतो, आणि तेवढ्यावरूनच त्याच्याविषयी माझे मत बिघडले. त्याने मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला हलकेच लाथ घातली आणि विचारले, "बोला साहेब, ठोकून सरळ करून देऊ, का नवी बघताय?" हा प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला आहे. तेव्हा तो तुम्ही मला विचारला होता, आणि मी उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ घेतला नव्हता.

तुम्हाला ठाऊक असलेल्याच गोष्टी मी पुन्हा लिहितो आहे, कारण मला त्या क्रमाने मांडायच्या आहेत. क्रम चुकला की मला विचार करता येत नाही. तुमची गाडी म्हणजे एका जुन्या लॉरीच्या लोखंडी सांगाड्यावर सुताराकडून बसवून घेतलेली सागवानी पेटी. दोन्ही बाजूंना बाके, मधे टोपल्यांसाठी मोकळी जागा, आणि मासळीचे पाणी बाहेर पडावे म्हणून तळाला तुम्ही स्वतः ठोकलेली पत्र्याची पन्हळ. उलव्याच्या बाजूच्या कोळणी सकाळी टोपल्या घेऊन रस्त्याला उभ्या राहत आणि तुम्ही त्यांना पनवेलच्या बाजारात आणून सोडत. दुसरे गाडीवाले टोपली दिसली की वेग वाढवत. उतारूंना वास चालत नसे. मलाही चालत नसे. मुंबईहून सुट्टीला आलो की स्टँडवर तुमची गाडी दिसत असूनही मी घरापर्यंत चालत येत असे, आणि पायांना व्यायाम हवा असे आईला सांगत असे.

त्या रस्त्यावर खाडीच्या फाट्यावरचा तो अरुंद पूल होता. एका वेळी एकच गाडी जाऊ शके. तिथे पाटी नव्हती, शिपाई नव्हता. पण सकाळी पनवेलकडे येणारी मासळीची गाडी आधी जाणार आणि उरणकडे निघालेल्याने, मग तो बैलगाडीवाला असो, मिठाची लॉरी असो की मामलेदाराची मोटार, पुलाच्या अलीकडे थांबायचे, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत होते. तुम्ही वळणावर एक लांब भोंगा देत आणि वेग कमी न करता पुलावर चढत. मी लहान आहे, तुमच्या शेजारी बसलो आहे. पलीकडे मिठाची लॉरी उभी आहे, तिचा ड्रायव्हर बिडीचा हात वर करतो, तुम्ही मान हलवता आणि मागून एक कोळीण ओरडते, "हान रं अन्ना, म्हावरा नासल!" त्या वयात मला वाटे की सगळे जग तुमच्यासाठीच थांबते. पुढे शिकल्यावर कळले की ते फक्त मासळीसाठी थांबत होते.

ज्या सकाळी टक्कर झाली, त्या सकाळी समोरून आलेली लॉरी घाटावरची होती. खडी घेऊन ती पहिल्यांदाच या रस्त्याला आली होती. तिच्या ड्रायव्हरने तुमचा भोंगा ऐकला, पण त्याच्या लेखी भोंगा म्हणजे नुसता भोंगा. पुलाच्या मधोमध दोन्ही गाड्या समोरासमोर भिडल्या. टोपल्या उलटल्या, कठडा तुटला आणि सगळ्यांत पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कोळिणीचा, जिला तो सारा रस्ता मावशी म्हणे, उजवा हात मोडला. बाकी सगळ्यांना खरचटण्यावर भागले. फौजदारापुढे तुम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात, असे आई सांगे. "मासळीची गाडी होती, साहेब. त्यानं थांबायला हवं होतं."

"कुठल्या कायद्यानं?"

"कायदा नाही, साहेब. तिथं थांबतात."

"म्हणजे बोंबलाला सलामी द्यायची राहिली म्हणा की!" फौजदार म्हणाला, आणि चौकी हसली. तो असभ्य माणूस होता. पण त्याचा प्रश्न मला तेव्हा योग्य वाटला आणि आजही वाटतो. चार माणसांनी पाळलेली रीत तुम्ही नियम समजून बसला होता. रस्ता वाढला की त्यावर अनोळखी माणसे येतात, आणि त्यांना रीत कोण सांगणार?

तुम्ही मला बोलावून घेतले. मी तेव्हा नुकताच इंजिनियर झालो होतो आणि माझ्या शब्दाला वजन आहे असे मला वाटू लागले होते. बैलांनी ओढून आणलेली गाडी परसात उभी होती. मी पेटी उतरवायला लावली, सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडला, तो टेकला तिथे खडूने खुणा केल्या आणि दोरीने दोन्ही कर्ण मापले. कर्ण सारखे नव्हते. सांगाडा नुसता वाकला नव्हता, पिळला होता. उजव्या पट्टीला पुढच्या स्प्रिंगच्या मागे बारीक घडी पडली होती. तुम्ही माझ्या मागे उभे होता, हातात टोपी. "सांग," तुम्ही म्हणालात. "दुरुस्त करू की बदलू?"

"बदला," मी म्हणालो. "ही तापवून सरळ दिसेल, पण सरळ होणार नाही. या घडीपाशी तुटेल."

"बदलू म्हणजे? नवी गाडी आणू कुठून?"

महायुद्ध संपले होते, पण गाड्या मिळत नव्हत्या. ज्यांच्यापाशी वशिला होता त्यांचे अर्जसुद्धा पडून होते, आणि तुमच्यापाशी वशिलाही नव्हता आणि विकण्याजोगे काही उरलेही नव्हते. हे मला माहीत होते. "तो वेगळा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"वेगळा कसा? तोच तर प्रश्न आहे."

तेवढ्यात परसाच्या दारातून मावशी आली, हात गळ्यात बांधलेला, मागे तीनचार जणी. "अन्ना, गारी कंदी लागल रस्त्याला?"

"हा म्हणतो, सांगाडा वाकडा झालाय. सरळ व्हायचा नाही."

"हा कोन? तुजा शिकलेला का?" तिने मला पायांपासून वर पाहिले. "अरं पोरा, वैद्यानं माजा हात बी वाकराच जोरला. मंग काय नवा हात आनू बाजारानशी?"

बाया हसल्या. मी म्हणालो, "मावशी, तुमच्या हातावर पंचवीस माणसं बसत नाहीत."

"बसतान," ती म्हणाली. "घरान येऊन मोज."

ते उत्तर मला तेव्हा असंबद्ध वाटले आणि आजही वाटते. गरजेने लोखंड बळकट होत नाही. पण त्या हसण्यात तुम्हीही सामील झालात, टक्कर झाल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच, आणि तुमचा निर्णय तिथेच झाला हे मला दिसले. स्वयंपाकघरात आईने पाने मांडली होती. "आधी जेवा दोघं," ती म्हणाली. "गाडी काही पळून जात नाही." बोलून गेल्यावर तिचे तिलाच कळले आणि ती वाढायचे भांडे घेऊन चुलीकडे वळली. तुम्ही भात कालवता कालवता विचारलेत, "बरं, ठोकून घेतली तर किती दिवस चालेल?"

"ते सांगता येणार नाही."

"अंदाजानं?"

"अंदाज सांगणं माझं काम नाही, अण्णा. बरोबर की चूक, एवढंच मी सांगू शकतो."

तुम्ही घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. तुमचा आवाज फक्त गाडीच्या भोंग्यालाच होता. "बरोबर काय ते मलाही दिसतंय," तुम्ही म्हणालात. "मला किती दिवस आहेत ते हवं होतं. त्यासाठी बोलावलं तुला." मग पुन्हा जेवू लागलात. मी रात्री राहणार होतो. दुपारीच मुंबईला निघालो.

लोहाराने सांगाडा तापवून ठोकला, आतून पट्ट्या मारल्या, पेटी चढवली, आणि गाडी रस्त्याला लागली. ती तिरकी चालत असे. मागची चाके पुढच्या चाकांच्या माग न धरता हातभर बाजूने येत. बायांनी तिचे नाव चिंबोरी ठेवले. पुढल्या खेपेला मी तिला बाजारातून वळताना पाहिले आणि नाव अचूक आहे हे मला कबूल करावे लागले: खाडीतला खेकडा तसाच, पाहतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे. पण दुसऱ्या सकाळी तुमच्या शेजारी बसून आलो, तेव्हा तुमच्यात मला त्याहून मोठा फरक दिसला. पुलाच्या वळणावर तुम्ही भोंगा दिलात, आणि गाडी थांबवलीत. पलीकडे आमच्याच गावची मिठाची लॉरी रीतीप्रमाणे उभी होती, तिचा ड्रायव्हर हात हलवून या या करत होता. तुम्ही जात नव्हता. तो येत नव्हता. मागून मावशी म्हणाली, "जा ना रं, कोनची वाट बगतंस?" आणि तुम्ही स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिलात. सांगाडा लोहाराने निदान दिसायला तरी सरळ केला होता. हे सरळ करणारा लोहार तालुक्यात नव्हता.

पावसाळ्यानंतर आईचे कार्ड आले. बाजारात बाया उतरल्या, टोपल्या उतरल्या, आणि रिकामी गाडी जागच्या जागी मधोमध खचली. उजवी पट्टी घडीपाशी तुटली होती, मी बोट ठेवले होते तिथेच. कोणाला काही झाले नाही. कार्ड वाचून मला प्रथम जे वाटले ते समाधान होते, आणि त्या समाधानाचे काय करावे हे मला समजले नाही. मी बरोबर ठरलो होतो आणि त्यामुळे काहीही मिळणार नव्हते: तुम्हाला गाडी नाही, बायांना बाजार नाही. काही जणी टोपल्या डोक्यावर घेऊन चालत येऊ लागल्या. ऊन चढल्यावर पोहोचलेल्या मासळीला गिऱ्हाईक कुठले? मावशी यायची थांबली. तुम्ही सकाळी तयार होऊन, टोपी घालून ओट्यावर बसत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितले. ते नाव मला पटले नाही, पण माझ्याजवळ दुसरे नव्हते.

त्या दिवसाचा हिशेब मी अनेकदा तपासला आहे आणि त्यात चूक सापडत नाही. बदलणे शक्य नव्हते, दुरुस्ती टिकणार नव्हती, आणि दोन्ही जमले असते तरी घाटावरच्या लॉऱ्या यायच्या थांबल्या नसत्या. मी अंदाज सांगितला असता तर तुम्ही तेवढे दिवस मोजत बसला असता. तो पूल आता नाही. नव्या पुलाचा आराखडा माझ्याच टेबलावरून गेला; दोन लॉऱ्या शेजारून जातात आणि मधे माणूस चालू शकतो. काम मी दोनदा परत करायला लावले होते. त्या पुलावर कोणालाही कोणासाठी थांबावे लागत नाही.

काल मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री मोटारीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "चासी जरा ओढली गेलीय, साहेब. ठोकली तर चालेल." मी त्याला विचारले, "किती दिवस चालेल?" तो हसला. "ते अल्लाला माहीत. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा." मोटार ठोकायची की बदलायची, ते मी त्याला अजून सांगितलेले नाही.

हा कागद मी पाकिटात घालणार नाही. कोणता पत्ता लिहायचा हे माहीत असते तरी घातला नसता, कारण यातले एक वाक्य खोटे आहे आणि ते खोडायचे तर पान पुन्हा लिहावे लागेल. म्हैस नव्हती, अण्णा. रस्ता मोकळा होता. सकाळची वेळ होती, मी उरणकडे निघालो होतो, पूल आला आणि मी थांबलो. तिथे मी नेहमीच थांबतो. इतके दिवस मागे कोणी नसायचे. लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि माझे बोलणे ऐकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, खाली खाजणाच्या चिखलात, पुलाच्या पलीकडे पाहत राहिला. "साहेब, म्हैस गेली कुठं पण?" तो विचारत होता. मीही त्याच्याबरोबर पलीकडे पाहत उभा होतो.