बॅटरी उतरलीय म्हणालो

पोशेरा, शनिवार, ९ मे १९९८

गाडीच्या बॅटरीवर पंखा चालवू नका, म्हणत जव्हारच्या बॅटरीवाल्या चाचांनी वेगळी बॅटरी रात्रभर चार्ज करून दिली. ती अजून भरलेली आहे. तरी सोमाकाकांना म्हणालो, "बॅटरी उतरलीय." का? त्यांच्याच अंगणात गाडी लावून राहतोय. बाळंतीण लेक आलीय म्हणून आजच्यापुरता बॅटरीवर एक बल्ब लावून मागत होते. मला पंखा पुरवायचा होता!

दिवेलागणीला काका स्वतःची रॉकेलची चिमणी घेऊन आले. "तुमची बॅटरी उतरली ना, ही ठेवा. आमाला अंधाराची सवय हाय."

मी घेतली. घेतली!

तिच्याच उजेडात लिहितोय. समोर त्यांच्या घरात काळोख, बाळ रडतंय. पंखा लावला तर आवाज जाईल, म्हणून घामाघूम बसलोय.